समुद्राचे बिऱ्हाड हलवणारा गॉस

घर बदलताना कपाटे, फ्रिज, काचेची भांडी हे सारे सामान हलवणाऱ्या मंडळींच्या हवाली करता येते. खाऱ्या पाण्याची मत्स्यटाकी मात्र तशी सोपवून चालत नाही. टाकी रिकामी केली, घासूनपुसून लख्ख केली, नव्या घरी ताजे खारे पाणी भरले आणि मासे सोडले, की सुरुवातीचे एक-दोन दिवस सगळे ठीक दिसते. मग मासे वर येऊन धापा टाकू लागतात, प्रवाळ मिटून बसतात आणि बघता बघता टाकी ओस पडते. पाणी तर नितळ असते. मग बिघडते कुठे?

या प्रश्नाशी ज्यांनी सर्वांत आधी झुंज दिली त्या मोजक्या लोकांत फिलिप हेन्री गॉस हा इंग्रज निसर्ग-अभ्यासक होता. ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द घरोघरी पोहोचवला तो त्याने. समुद्रातले जीव किनाऱ्यापासून दूर, शहरातल्या काचेच्या पेटीत जिवंत कसे न्यायचे आणि तिथे जगवायचे कसे, याची रीत त्याने सामान्य वाचकाला शिकवली. त्या रीतीचे यश त्याने पाहिले आणि त्या यशाची किंमतही पाहिली.

गॉसचा जन्म ६ एप्रिल १८१० रोजी इंग्लंडमधल्या वूस्टर येथे झाला. वडील गावोगाव फिरून लोकांची छोटी व्यक्तिचित्रे काढत आणि त्यावर पोट भरत. घरात पैशाची ओढाताण कायमचीच. पुढे कुटुंब दक्षिण किनाऱ्यावरच्या पूल या बंदरात स्थिरावले. तिथे आत्या सुझन बेल हिने या भाच्याला ओहोटीच्या वेळी खडकांमधल्या डबक्यांत दिसणारी समुद्रफुले दाखवली. फुलासारखा दिसणारा, पण भक्ष्य पकडून खाणारा हा प्राणी मुलाच्या मनात कायमचा घर करून राहिला. वडिलांकडून चित्रकला आणि आत्याकडून समुद्र, एवढेच त्याचे भांडवल.

शाळा लवकर सुटली. पंधराव्या वर्षी तो पूलमधल्या एका व्यापारी पेढीवर कारकून म्हणून लागला आणि १८२७ मध्ये, सतराव्या वर्षी, अटलांटिकपलीकडे न्यूफाउंडलंडला गेला. कार्बोनियर या गावी मासळी आणि सीलच्या व्यापाराचे हिशेब लिहिण्यात आठ वर्षे गेली. १८३२ मध्ये सूक्ष्मदर्शकावरचे एक जुने पुस्तक त्याने विकत घेतले आणि तिथून कीटकांचा नाद लागला. १८३५ मध्ये कॅनडात, आजच्या क्वेबेकमध्ये, त्याने शेती करून पाहिली. तीन वर्षांत शेती बुडाली. १८३८ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामात मळेवाल्यांच्या मुलांना शिकवण्याची नोकरी मिळाली. तिथली फुलपाखरे त्याने सुंदर रंगवली, पण गुलामांवर होणारा जुलूम पाहून त्याचे मन उडाले आणि वर्ष पुरे व्हायच्या आतच तो निघाला. १८३९ मध्ये तो जवळजवळ रिकाम्या हाताने इंग्लंडला परतला. बरोबर होते ते कॅनडातल्या निसर्गावरच्या पुस्तकाचे हस्तलिखित. १८४० मध्ये ते छापले गेले आणि तिशीतल्या या माणसाला लेखक म्हणून ओळख मिळाली.

१८४४ मध्ये तो पक्षी आणि कीटक गोळा करण्यासाठी जमैकाला गेला. तिथे सुमारे दीड वर्ष राहून त्याने जमैकाच्या पक्ष्यांवर पुस्तक लिहिले. गुलामगिरीविरुद्ध लढलेले तिथले रिचर्ड हिल यांचे नाव सहकारी म्हणून मुखपृष्ठावर घालण्याचा प्रामाणिकपणा त्याने दाखवला. याच मुक्कामात त्याने काही हमिंगबर्ड जिवंत पकडले. ते पाळीव करून इंग्लंडला न्यायचे होते. पिंजरा होता, साखरेचे पाणी होते, देखभाल होती. तरीही पक्षी एकामागून एक मेले. एखादा जीव उचलून न्यायचा तर तो ज्यावर जगतो ते सगळेच बरोबर न्यावे लागते, हा धडा पुढे कामी येणार होता.

इंग्लंडला परतल्यावर १८४८ मध्ये एमिली बाउझ या लेखिकेशी त्याचे लग्न झाले. दोघेही एका कडव्या ख्रिस्ती पंथाचे अनुयायी. १८४९ मध्ये मुलगा एडमंड जन्मला, तेव्हा गॉसने रोजनिशीत मुलाच्या जन्माची नोंद केली आणि त्याच दिवशी जमैकाहून आलेल्या हिरव्या पाकोळीची नोंदही शेजारीच केली. ही नोंद पुढे फार गाजली. माणूस निर्दय नव्हता, पण रोजचा हिशेब तो असाच लिहीत असे.

तासन् तास सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून आणि पुस्तकांमागून पुस्तके लिहून त्याची तब्येत ढासळली. डोके सतत ठणकू लागले. हवापालटासाठी १८५२ च्या जानेवारीत तो कुटुंबासह डेव्हनच्या किनाऱ्यावर गेला, आधी सेंट मेरीचर्च आणि मग इल्फ्राकोम्ब. प्रकृतीसाठी घेतलेली ही विश्रांती त्याच्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम ठरली. ओहोटी लागली की लांब बूट चढवून, हातोडी आणि छिन्नी घेऊन तो खडकांमध्ये उतरे. समुद्रफुले, नळीत राहणारे किडे, छोटे प्रवाळ, कोळंबी अशी शिकार खोलीवर आणून तो भांड्यांत जगवू पाहत असे.

त्या काळी समुद्रातला जीव घरी आणला की पाणी रोज बदलावे लागे, नाहीतर दोन दिवसांत त्याला दुर्गंधी येई. किनाऱ्यावर राहणाऱ्याला ते जमे, लंडनकराला कसे जमावे? या बाबतीत एका गृहिणीने गॉसच्या आधी वाट काढली होती. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीच्या परिसरात राहणाऱ्या अ‍ॅना थिन हिने १८४६ मध्ये टॉर्की येथे जिवंत प्रवाळ पाहिले आणि ते लंडनला न्यायचे ठरवले. वाटेत हादरे बसून ते एकमेकांवर आपटू नयेत म्हणून तिने सुईदोऱ्याने ते एका मोठ्या स्पंजावर टाचले आणि समुद्राच्या पाण्याने भरलेल्या दगडी बरणीत ठेवून घरी आणले. समुद्राचे पाणी मागवणे कठीण होई, तेव्हा ते एका भांड्यातून दुसऱ्यात उघड्या खिडकीसमोर पुन्हा पुन्हा ओतून त्यात हवा मिसळण्याचे काम मोलकरणीकडे असे. पुढच्या वर्षी तिने त्यात समुद्रशैवाल ठेवले आणि ही कसरत कमी झाली. तिचे प्रवाळ लंडनच्या घरात सुमारे तीन वर्षे टिकले, वाढले.

त्यामागची मीमांसा रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाने १८५० मध्ये गोड्या पाण्यात करून दाखवली. मासे सोडतात तो कार्बन डायऑक्साइड वनस्पती घेतात, वनस्पती सोडतात तो ऑक्सिजन मासे घेतात आणि सडका पाला गोगलगाई खाऊन टाकतात. तिघांचे प्रमाण जुळले की पाणी महिनोन् महिने बदलावे लागत नाही. वॉरिंग्टन आणि गॉस या दोघांनी स्वतंत्रपणे हेच तत्त्व खाऱ्या पाण्याला लावले.

गॉसच्या पद्धतीत एक बारकावा होता. समुद्रशैवालाला जमिनीवरच्या झाडासारखी मुळे नसतात, ते खडकाला नुसते चिकटलेले असते. उपटून आणले तर ते कुजते आणि सगळे पाणी नासवते. म्हणून गॉस शैवालासकट खडकाचा कपचा छिन्नीने उडवून आणत असे. शैवाल जगावे एवढाच त्याचा हेतू. पण त्या कपच्याबरोबर न दिसणारे आणखी कोणीतरी टाकीत येत होते, हे ओळखण्याची साधने त्या काळात नव्हती.

१८५२ च्या डिसेंबरात तो लंडनला परतला तेव्हा इल्फ्राकोम्बला जमवलेले जिवंत जीवही सोबत होते. रिजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात तेव्हा एक मत्स्यगृह उभे राहत होते. गॉसने आपला छोटा संग्रह तिथल्या टाकीत हलवला. मे १८५३ मध्ये हे मत्स्यगृह लोकांसाठी खुले झाले. असे ते जगातले पहिलेच. पुढे वेमथच्या किनाऱ्यावरून गॉस तिथे जीव पाठवत राहिला. मुंबईत १९५१ मध्ये सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयापर्यंत येणाऱ्या साऱ्या सार्वजनिक मत्स्यालयांची परंपरा त्या काचघरापासून मोजली जाते.

१८५४ मध्ये ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे गॉसचे पुस्तक आले. त्याने स्वतः रंगवलेली चित्रे त्यात होती. सोबत व्यवहारी सूचनाही होत्या: पाणी आणायचे पिंप कोरे हवे, आधी दुसरे काही भरलेले चालणार नाही. काटक जीव पाण्यात हिंदकळत नेण्यापेक्षा ओल्या शैवालात गुंडाळून नेलेले बरे. एक मेला तर ताबडतोब बाहेर काढावा, नाहीतर तो इतरांना मारतो. त्याच वर्षी त्याने कृत्रिम समुद्रजलाची कृतीही प्रसिद्ध केली. साधे मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड ठरावीक प्रमाणात पाण्यात विरघळवायचे. पण पाणी तयार झाले म्हणून लगेच प्राणी सोडायचे नाहीत. आधी शैवाल असलेले दगड ठेवून काही दिवस पाणी मुरू द्यायचे, मगच प्राणी.

हे मुरणे म्हणजे काय, ते पुढच्या पिढीला कळले. माशांच्या विष्ठेतून, श्वसनातून आणि उरल्यासुरल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया मिसळतो. तो माशांच्या कल्ल्यांना जाळतो. एका प्रकारचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारी असते, नायट्रेट त्या मानाने बरेच निरुपद्रवी. सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने हे जीवाणू १८९० मध्ये वेगळे करून दाखवले, तेव्हा गॉसला जाऊन दोन वर्षे झाली होती. हे जीवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. दगडाच्या भोकाभोकांत, वाळूच्या कणांवर आणि फिल्टरच्या स्पंजावर थर करून राहतात. गॉसचा श्रेय देण्याचा रोख शैवालावर होता. अर्धे काम त्या शैवालाखालचा दगड करत होता.

लख्ख घासलेली टाकी ओस का पडते, याचे उत्तर इथे मिळते. घासताना आपण टाकीची सफाई कामगारांची वस्तीच उठवलेली असते. म्हणून आज टाकी हलवायची तर मासे सांभाळण्याइतकेच दगड सांभाळणे महत्त्वाचे. जिवंत दगड जुन्या खाऱ्या पाण्यात बुडवून किंवा निदान त्या पाण्याने भिजवलेल्या कापडात गुंडाळून न्यावेत, कोरडे पडू देऊ नयेत. फिल्टरचा स्पंज नळाच्या पाण्याने धुऊ नये, कारण त्यातले क्लोरीन जीवाणूंना मारते. बंद डब्याचा फिल्टर पाण्याने भरलेला तसाच काही तास ठेवला तर आतला ऑक्सिजन संपून जीवाणू मरतात आणि नव्या घरी तो सुरू केला की घाण टाकीत येते. म्हणून तो रिकामा करून आतला स्पंज टाकीच्या पाण्यात, हवा लागेल असा न्यावा. जुनी जाड वाळू ढवळली की तळाशी साठलेला मैला आणि हायड्रोजन सल्फाइडसारखे विषारी वायू मोकळे होतात. ती खाऱ्या पाण्यात नीट धुऊन घ्यावी किंवा बदलून टाकावी.

टाकीत पाणी किंवा वाळू ठेवून ती कधीच उचलू नये. दोनशे लिटर खारे पाणी दोनशे किलोहून जास्त भरते आणि त्या भाराने काचेचे सांधे उलतात. नव्या घरी लागणारे जादा खारे पाणी आदल्या दिवशीच मिसळून, तापमान आणि क्षारता जुन्या पाण्याशी जुळवून तयार ठेवावे. निघण्याच्या आदल्या दिवशी माशांना खाद्य देऊ नये, म्हणजे वाटेत पाणी कमी घाण होते. आधी प्रवाळ आणि दगड काढावेत. लपायला जागा उरली नाही की मासे पाठलाग न करता पकडता येतात. झाकणाच्या बादल्या, बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आणि उन्हाची झळ लागू नये म्हणून थर्माकोलची पेटी एवढे सामान पुरते. थिनबाईंच्या मोलकरणीचे काम आता तो पंप करतो. पोहोचल्यावर उलट क्रम: वाळू, पाणी, दगड, मग प्रवाळ आणि पाणी नितळ झाल्यावर सर्वांत शेवटी मासे, तेही नव्या पाण्याची थोडी थोडी सवय लावून. त्यानंतरचे दोन-तीन आठवडे अमोनिया आणि नायट्राइट तपासत राहावे आणि खाद्य बेताने द्यावे.

गॉसकडे यातले एकही उपकरण नव्हते, पण त्याच्या पुस्तकाने इंग्लंडला वेड लावले. काचेवरचा कर १८४५ मध्ये उठल्याने काच स्वस्त झाली होती. रेल्वेने किनारा जवळ आला होता. मध्यमवर्गीय दिवाणखान्यात समुद्राची टाकी ही प्रतिष्ठेची वस्तू बनली आणि लंडनमध्ये जिवंत समुद्रफुले विकणारी दुकाने निघाली. गॉस किनाऱ्यावर लोकांचे वर्ग घेऊ लागला. १८५६ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला सदस्यत्व दिले.

त्याच वर्षी एमिलीला स्तनाचा कर्करोग झाल्याचे कळले. शस्त्रक्रियेला तेव्हाची मंडळी घाबरत. दोघांनी जेसी फेल या अमेरिकन डॉक्टरच्या गुप्त लेपाचा मार्ग निवडला. ब्लडरूट ही वनस्पती आणि झिंक क्लोराइड यांचा तो लेप मांस जाळत जाई. अनेक महिने असह्य वेदना सोसून एमिली फेब्रुवारी १८५७ मध्ये गेली. तशाच घटकांचे लेप कर्करोगावरचा नैसर्गिक उपाय म्हणून आजही विकले जातात. ते वरची कातडी आणि मांस जाळतात, आतली गाठ मात्र वाढत राहू शकते.

त्या वर्षाच्या अखेरीस गॉसने ‘ऑम्फलॉस’ हे पुस्तक काढले. पृथ्वी निर्माण झाली तीच जुनेपणाच्या खुणांसकट, जसे आदमला जन्मतःच बेंबी असावी, असा त्यातला दावा. त्यातून बायबल आणि भूगर्भशास्त्र यांचा मेळ बसेल असे त्याला वाटले होते. शास्त्रज्ञांनी पुस्तक दूर सारले आणि धर्मवाल्यांनीही. बायको गेलेली, अशा अवस्थेत तो सात-आठ वर्षांच्या एडमंडला घेऊन सेंट मेरीचर्चला कायमचा राहायला गेला. पुन्हा तोच किनारा, तीच डबकी. ब्रिटनमधल्या समुद्रफुलांवरचा त्याचा सचित्र ग्रंथ १८६० मध्ये तिथेच पूर्ण झाला. त्याच वर्षी एलायझा ब्राइटवेन हिच्याशी त्याने दुसरा विवाह केला.

पण डबकी पूर्वीची राहिली नव्हती. त्याचीच पुस्तके वाचून आलेले हौशी लोक हातोड्या, छिन्न्या आणि बादल्या घेऊन प्रत्येक ओहोटीला किनाऱ्यावर उतरत होते. जे समुद्रफूल त्याने चित्रात दाखवले, ते खडकावरून काढून नेले जाई, आणि बहुतेकदा आठवड्याभरात घरच्या भांड्यात मरे. मग पुन्हा नवे आणायचे. शतकानुशतके कोणी हात न लावलेले खडक काही वर्षांत ओसाड झाले. एडमंडने १९०७ मध्ये वडिलांवर लिहिलेल्या ‘फादर अँड सन’ या पुस्तकात त्या नष्ट झालेल्या डबक्यांबद्दल हळहळ आहे आणि वडिलांना त्याचे किती दुःख होते हेही सांगितले आहे. उत्तरायुष्यात गॉस ऑर्किड आणि रोटिफर या सूक्ष्म जलजीवांकडे वळला. चार्ल्स हडसनबरोबर केलेला रोटिफरवरचा ग्रंथ १८८६ मध्ये आला. २३ ऑगस्ट १८८८ रोजी सेंट मेरीचर्चला त्याचे निधन झाले.

आपल्याकडे मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत. खडक घडवणारे सर्व प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे यांना भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. सहलीत पाण्यातून तुकडा उचलून घरच्या टाकीत ठेवणे हा गुन्हा आहे, दगड कितीही छोटा असो. घर बदलताना याची उलट बाजूही लक्षात ठेवावी. नव्या जागेत टाकी मावत नाही म्हणून मासे समुद्रात नेऊन सोडण्याचा मोह होतो. हिंदी आणि प्रशांत महासागरातला लायनफिश हा विषारी काट्यांचा मासा बहुधा असाच हौशी लोकांच्या टाक्यांतून अमेरिकेच्या किनाऱ्यावर सुटला. आज तो गॉसच्या जमैकासह सगळ्या कॅरिबियन समुद्रात पसरून तिथली छोटी मासळी फस्त करत आहे. टाकी नेणे शक्यच नसेल तर दगडासकट, पाण्यासकट ती दुसऱ्या जाणत्या हौशी माणसाला द्यावी. बिऱ्हाड अख्खे हलले तरच त्यातले जीव जगतात.